एका घमेल्यातले पाय

पाऊस तोंड फिरवून गेल्याला सहा महिने झाले होते. विहिरींचे तळ उघडे पडले होते, नदीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती, आणि अशा दिवसांत माणिकरावांच्या शिवकन्येच्या पायाला चिखल्या झाल्या. आता बोला!

चिखल्या म्हणजे पावसाळ्यातलं दुखणं. आषाढात दिवसदिवस ओल्या रानात निंदणी करणाऱ्या बायांच्या बोटांच्या बेचक्यात होतं ते. कातडी पांढरीफट्ट पडते, भिजल्या पापडासारखी सुटते, आणि खाज अशी की माणूस चारचौघांत चप्पल काढून बसतो. पण ते होतं पाण्यानं. इथं तर टँकर आला की अख्खं गाव हंडे घेऊन पळत होतं. माणिकरावांनी लेकीचा पाय उजेडात धरून तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा त्यांचं डोकं चक्रावलं.

"ह्या चिखल्या न्हाईत," ते म्हणाले.

"मग काय हाय?" तुळजाबाईंनी विचारलं. नवऱ्याचं बोलणं त्या ऐकून घ्यायच्या, पण पटलं असं कधी म्हणायच्या नाहीत.

"ते ठाव न्हाई. पर ह्या न्हाईत. पाणीच न्हाई तर चिखल्या कावून होतील?"

"अण्णा, खाज तर चिखल्यांचीच हाय," शिवकन्या म्हणाली आणि पाय सोडवून घेऊन कराकरा खाजवायला लागली.

माणिकरावांना एखादी गोष्ट कळत नाही असं सहसा व्हायचं नाही, म्हणून जास्त लागलं. वडवणीपासून आठ-दहा किलोमीटरवरच्या त्या गावात दूध उत्पादकांची सहकारी संस्था होती आणि तिथं ते बावीस वर्षं दूध तपासत होते. कुणी दुधात तांब्याभर पाणी घातलं तर यंत्राच्या आधी माणिकरावांच्या भुवया वर जायच्या. एकदा त्यांनी चेअरमन अर्जुनरावांच्याच घरचा कॅन परत पाठवला होता. अर्जुनराव महिनाभर घुश्शात होते, पण माणिकरावांना काढायची त्यांची छाती झाली नाही. माणूसच तसा होता, सरळ, आणि सरळपणाचा थोडा माजही होता.

दुष्काळ पडला, जनावरं बाजारात गेली, काही छावणीला गेली, दूध निम्म्यावर आलं. संस्थेनं दोन माणसं कमी केली आणि कॅन धुण्याचं काम माणिकरावांच्या गळ्यात पडलं. साऱ्या गावात ओली फरशी फक्त संस्थेत. तिच्यावर पहाटेपासून दुपारपर्यंत गमबूट घालून उभं राहायचं. गमबुटांची जोडीही एकच होती. सकाळी माणिकराव घालायचे, संध्याकाळच्या पाळीला संस्थेतला दुसरा गडी सटवा घालायचा. आतलं अस्तर कधी वाळलं असेल तर शपथ.

आणि घरी आल्यावर घमेलं.

त्या घमेल्याचा माणिकरावांना भारी अभिमान. बाहेरून आलेल्यानं पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत. दुष्काळात शेजाऱ्यांनी ती गुंडाळून ठेवली, नुसते पाय झटकून घरात शिरायला लागले. माणिकराव म्हणाले, आपल्यात असलं चालायचं न्हाई. पण पाणी आणायचं कुठून? मग त्यांनी शक्कल काढली. दारात एक घमेलं, त्यात एक तांब्या पाणी. आधी घरच्या कर्त्यानं पाय बुडवून चोळून धुवायचे, मग तुळजाबाईंनी, मग शिवकन्येनं. एकच पंचा, त्यालाच पुसायचे. मग ते पाणी लिंबाच्या रोपाला. एका तांब्यात तिघांचे पाय, वर झाडही जगतं! संस्थेत येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ही शक्कल ऐकवली होती. दोनचार घरांनी उचललीसुद्धा.

शिवकन्येचा नंबर शेवटचा, कारण ती सगळ्यात लहान आणि पळून येणारीही सगळ्यात शेवटी. पोलीस भरतीची तयारी करत होती पोरगी. सांज-सकाळ माळावर धावायची. मैदानी चाचणी सात आठवड्यांवर आली होती. आणि ह्या सात आठवड्यांत काय काय अडकलं होतं म्हणता! तुळजाबाईंच्या भावानं आष्टीकडचं स्थळ आणलं होतं. मोहनरावांचा मुलगा, घरचा ट्रॅक्टर, माणसं बरी. मोहनरावांना घाई होती. माणिकरावांनी त्यांना शब्द दिला होता, भरती झाली तर पोरगी नोकरी करील आणि लग्नाचं तिच्या मनानं, नाही झाली तर लगेच बैठक. शिवकन्येनं मान हलवली होती. ती आपल्या पायांवर विश्वास ठेवून होती.

आणि तेच पाय आता खाजत होते.

तुळजाबाईंनी मेंदी लावली. पाय लाल झाले, खाज तशीच. शेजारच्या विमलबाईंनी करंजाचं तेल सांगितलं, वर प्लास्टिकची पिशवी बांधून झोप म्हणाल्या. सकाळी पिशवी सोडली तर बेचकं उकडल्यासारखं झालेलं. माणिकरावांनी ठरवलं, दोष तिच्या पळायच्या बुटांचा. "ती परदेशी रबराची भानगड हाय," म्हणाले आणि दुसरे बूट आणले. दुसऱ्या बुटांतही पाय तसाच. मग त्यांना टँकरच्या पाण्याचा संशय आला. ते बाटलीत भरून त्यांनी संस्थेत नेलं, उजेडात धरलं, हुंगलं, चाखलं. पाण्यात काही नव्हतं. मग तुळजाबाईंनी मीठमोहऱ्या उतरवल्या. माणिकराव ह्यावर एरवी हसले असते, पण ह्या वेळी गप्प उभे राहिले.

शेवटी वडवणीतल्या औषधांच्या दुकानात गेले. दुकानदार बद्रीनाथ त्यांच्या ओळखीचा.

"बद्री, पोरीच्या बोटात खाज हाय."

"घ्या ही ट्यूब. सगळ्यांवर एकच. दोन दिसात गुण न्हाई आला तर माझं नाव बदला."

आणि खरंच, दोन दिवसांत खाज गेली! लाली गेली! शिवकन्या माळावर सात फेऱ्या मारून आली आणि माणिकरावांनी संस्थेत बद्रीनाथची तोंडभरून स्तुती केली. ट्यूब बाजूला ठेवली. आठ दिवस गेले नाहीत तोच दुखणं परत आलं, आणि ह्या वेळी नुसतं बेचक्यात नाही, पावलावर चढलं. लाल, गोल, कडेला बारीक पुळ्या. परत ट्यूब, परत गुण, परत सोडली, परत दुप्पट.

आता मात्र माणिकराव पार गोंधळले. औषध लागू पडतंय म्हणावं तर रोग वाढतोय. रोग वाढतोय म्हणावं तर औषध लावलं की जातोय. दुधाचं असं कधी होत नाही. दूध एकतर चांगलं असतं, नाहीतर नसतं.

"स्वच्छता वाढवू," त्यांनी फर्मान काढलं. घमेल्यात कडुलिंबाचा पाला पडला. पाय दिवसातून दोनदा धुवायचे ठरले. आधी माणिकराव स्वतः पाय बुडवायचे, चांगले घसघसून चोळायचे, आणि मग लेकीला म्हणायचे, "ये बाई, बस आता निवांत पाय सोडून. जितका येळ बसशील तितका गुण." ती बिचारी अर्धा अर्धा तास त्यात पाय सोडून बसायची.

भरतीला अठरा दिवस राहिले आणि तिच्या करंगळीच्या बेचक्यात भेग पडली. माळावरून ती लंगडत आली. रडली नाही. ओट्यावर बसली आणि म्हणाली, "अण्णा, पाय टेकवत न्हाई." दुसऱ्या दिवशी संस्थेत रजा टाकून माणिकराव तिला घेऊन एस.टी.नं बीडला गेले.

कातडीच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी शिवकन्येचा पाय पाहिला, ट्यूब पाहिली, आणि ट्यूब टेबलावर अशी ठेवली की माणिकरावांना कळलं, बद्रीनाथचं काही खरं नाही.

"ही बुरशी आहे, काका. आणि ह्या ट्यूबमध्ये दोन-तीन औषधं एकत्र आहेत. त्यातलं एक खाज आणि लाली दाबून टाकतं, म्हणून बरं वाटतं. पण त्याच्या आडोशानं बुरशी आत पसरते. ही आजपासून बंद."

"म्हंजी बरं वाटत व्हतं ते खोटं व्हतं?"

"वाटणं खरं होतं. बरं होणं खोटं होतं." त्यांनी कागद पुढं ओढला. "घरात आणखी कुणाला आहे असं?"

"न्हाई बा," माणिकराव ठामपणे म्हणाले. "आमच्या घरात लई स्वच्छता."

हे बोलताना काय झालं, तर त्यांचा उजवा पाय चपलेतून निघाला आणि डाव्या घोट्यावर घासायला लागला. त्यांना पत्ताही नव्हता. तीन महिन्यांची सवय ती, आता हाताला-पायाला कोण विचारतंय! डॉक्टरीणबाई टेबलाखाली वाकल्या.

"पाय दाखवा काका तुमचा."

"आवो माझा काय बघता? ह्या दुष्काळातल्या भेगा हैत. गावात समद्यांच्याच हैत."

तरी त्यांनी दाखवला. तळवा कोरडा ठणठणीत, पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा, कडांनी साल निघालेली, अंगठ्याचं नख पिवळं, जाड झालेलं. लेकीच्या ओल्या, लाल पावलाशेजारी तो पाय ठेवला तर दोघांचं काही नातं आहे असं कुणी म्हटलं नसतं. माणिकरावांनाही जरा हायसं वाटलं. तिचा रोग ओल्याचा, आपल्या भेगा वाळल्याच्या, झालं की!

डॉक्टरीणबाईंनी दोघांच्याही पायांची साल खरवडून दोन काचांवर घेतली, वर औषधाचा थेंब टाकला, थोडा वेळ थांबल्या आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. मग म्हणाल्या, "या, तुम्हीच बघा."

यंत्र म्हटल्यावर माणिकराव पुढं सरकले. यंत्रावर त्यांचा विश्वास. पहिल्या काचेत बारीक बारीक धागे दिसले, फांद्या फुटलेले. दुसऱ्या काचेत पाहिलं. तेच धागे.

"दोन्ही पोरीच्याच काचा हैत काय?"

"पहिली तिची, दुसरी तुमची."

माणिकरावांनी परत पाहिलं. परत पहिलीत, परत दुसरीत. बावीस वर्षांत यंत्र खोटं बोलतंय असं त्यांनी कुणाचंही ऐकून घेतलं नव्हतं, आणि आता त्यांना तेच म्हणावंसं वाटत होतं.

"पर माझा तर वाळका हाय!"

"एकच बुरशी एकाच्या बोटात ओली दिसते, दुसऱ्याच्या तळव्यावर कोरडी दिसते. तुमची जुनी आहे. काम काय करता?"

त्यांनी सांगितलं. गमबूट, ओली फरशी, सटवा. डॉक्टरीणबाई लिहीत गेल्या. मग विचारलं, "आणि घरी पाय कसे धुता?"

आणि ह्या भोळ्या माणसानं, अहो, हौसेनं सांगितलं! घमेलं सांगितलं, तांब्या सांगितला, आधी कर्ता, मग बायको, मग लेक, एकच पंचा, कडुलिंबाचा पाला, अर्धा तास. "थेंब वाया जात न्हाई," म्हणाले. आणि हे वाक्य तोंडातून बाहेर पडता पडता त्यांनी शिवकन्येकडं पाहिलं. ती त्यांच्याकडंच बघत होती. तिला आधीच कळलं होतं. माणिकरावांना तेव्हा कळलं, आणि त्यांच्या कानांतून गरम वाफ निघाल्यासारखं झालं.

मग डॉक्टरीणबाईंनीच आवाज मऊ करून समजावलं. "रीत चांगली आहे, काका. पाय बुडवायचे तेवढे नाहीत. तोच तांब्या वरून थोडा थोडा ओतायचा, ज्याचा त्यानं. बेचकी कोरडी करायची, ज्याच्या त्याच्या पंच्यानं."

"म्हंजी पाणी तेवढंच लागंल?"

"तेवढंच."

हे त्यांना सगळ्यात जास्त लागलं. पाणी तेवढंच! मग आपण वाचवलं काय?

बाकीचं शिवकन्येनं कान देऊन ऐकलं. मलम दिवसातून दोनदा, डागाच्या बाहेरसुद्धा बोटभर. बरं दिसलं तरी लगेच सोडायचं नाही, डॉक्टर सांगतील तोवर लावायचं. सुती मोजे, रोज धुतलेले. बूट उन्हात वाळल्याशिवाय परत घालायचे नाहीत. दुसऱ्याचे बूट-चप्पल पायात घालायचे नाहीत. अण्णांना रक्त तपासून गोळ्या, आणि नख सुधारायला कित्येक महिने. तुळजाबाईंचेही पाय दाखवायला आणायचे. आणि भेग भरेपर्यंत धावणं बंद.

"किती दिवस?" तिनं विचारलं.

"आठ-दहा तरी. नाहीतर भेग आणखी फाटेल."

अठरातले दहा गेले. एस.टी.त माणिकराव खिडकीशी बसले होते. बीडच्या बाहेरचा फाटा मागं गेला, वाळलेली रानं मागं गेली, आणि ते मनात वाक्य जुळवत होते. "पोरी, चुकलं" म्हणावं, तर बापानं लेकीला असं म्हटलेलं त्यांनी कुठं ऐकलं नव्हतं. "तुझ्या भल्यासाठीच केलं" म्हणावं, तर त्या भल्याचं काय झालं ते यंत्रात दिसलं होतं. गाव आलं तरी वाक्य जुळलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी संस्थेत सटवाला गमबूट काढायला लावले. सटवाचा तळवाही तसाच, पांढरा. माणिकराव चेअरमनकडं गेले. अर्जुनरावांनी आधी दार लोटलं. "हळू बोल, बाबा. संस्थेत पायाचा रोग हाय असं गावात गेलं तर दूध कोण घालील इथं?" दोन नव्या जोड्या देतो म्हणाले, पण बाहेर ब्र काढायचा नाही. माणिकरावांनी मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काहीतरी लपवायला मान हलवली होती, आणि खरं सांगायचं तर तेही बरं वाटलं. बाहेर बोलायचं नाही म्हटल्यावर घरात लेकीला "चुकलं" म्हणायचीही गरज उरली नव्हती.

शिवकन्येचा पाय भरला. अकराव्या दिवशी ती हळूहळू धावायला लागली. चाचणीच्या दिवशी बीडच्या मैदानाच्या कुंपणाबाहेर माणिकराव उभे होते. लांबून एकसारख्या दिसणाऱ्या पोरींत त्यांना आपली ओळखू आली ती शेवटच्या फेरीत, कारण ती मागं पडत होती. पाय दुखत नव्हता. दम सुटला होता. दहा दिवस बसून काढलेल्या शरीराला तेवढं ओढवलं नाही, बस्स.

यादी लागली. नाव नव्हतं. थोड्याच गुणांनी राहिलं होतं, पण राहिलं ते राहिलं.

त्याच आठवड्यात मोहनरावांचा फोन आला. माणिकराव ओट्यावर होते. तुळजाबाई ज्वारी निवडत होत्या, शिवकन्या दारात धुतलेले मोजे वाळत घालत होती. फोनचा आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू येत होतं.

"माणिकराव, राम राम. कळलं, पोरगी नापास झाली म्हणं. असू द्या. आता शब्दाप्रमाणं बैठकीचं बघा."

शिवकन्येचा हात दोरीवर थांबला. ती वळली नाही. वाद घालणारी पोरगी असती तर माणिकरावांना सोपं गेलं असतं. पण तिनं मान हलवली होती, आणि ती शब्द मोडणारी नव्हती. बापाच्याच वळणावर गेली होती.

"पोरगी नापास न्हाई झाली," माणिकराव म्हणाले.

"आँ? मग यादीत?"

"यादीत न्हाई. पर ती नापास न्हाई. तिच्या पायाला बुरशी झालती. दहा दिस पळता आलं न्हाई तिला."

"म्हंजी पोरीच्या अंगावर रोग हाय काय? हे आधी बोलला न्हाईत तुमी!"

"पोरीचा न्हाई, माझा. संस्थेतल्या गमबुटातनं मला झाला, आन् माझ्याकडनं तिला गेला. मी तिला माझ्याच धुतल्या पाण्यात पाय सोडून बसवत व्हतो, अर्धा अर्धा तास. माझ्या हातानं." ते थांबले नाहीत. "तवा चूक माझी हाय, आन् भोगायची तिनं, असं न्हाई व्हायचं. ती पुढच्या भरतीला पळंल. तुमाला थांबायचं असंल तर थांबा. शब्द मी दिलता, मीच मागं घेतो. मला काय म्हणायचं ते म्हणा."

मोहनरावांना जे म्हणायचं ते त्यांनी म्हटलं, आणि फोन ठेवला.

"आवो, हे काय केलं तुमी?" तुळजाबाईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "आता आष्टीपातूर बोंब होईल. संस्थेतनं काढतील तुमाला!"

"काढतील," माणिकराव म्हणाले. आपण हे सगळं कसं बोललो हे त्यांनाच उमगत नव्हतं. एस.टी.त दोन तास जुळलं नव्हतं ते वाक्य परक्या माणसापुढं फोनवर एका दमात बाहेर पडलं होतं, आणि ते ऐकायचं जिला होतं ती मात्र पाठमोरीच उभी होती.

मग शिवकन्या आली, त्यांच्यासमोर खाली बसली आणि त्यांचा पाय ओढून आपल्या मांडीवर घेतला.

"आगं, सोड. लेकीच्या मांडीवर बाप पाय ठेवतो व्हय?"

तिनं सोडला नाही. तळवा उजेडाकडं वळवला, बोटं एकेक करून फाकवून पाहिली. माणिकरावांना कुठं बघावं कळेना.

"मलम लावला न्हाई आज तुमी," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज रागाचा होता. "परवाबी लावला नव्हता. तुमचा पाय बरा झाल्याबिगर माझा कसा राहील? आन् मी पळू कशी?"

"लावतो, बाई. लावतो की."

"आत्ता लावा. माझ्यासमोर."

माणिकरावांनी डॉक्टरीणबाईंनी दिलेला मलम मागितला आणि लावायला घेतला. ती शेजारी बसून बघत राहिली, आणि डागाच्या बाहेर बोटभर गेला नाही म्हणून तिनं त्यांना तो परत लावायला सांगितला.